सोलापूरबाहेरच्या सोलापूरकरांनो, थोडं ऐकता का?

प्रति,
पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर आणि त्याहून लांब जाऊन राहिलेले समस्त सोलापूरकर,

स. न. वि. वि.

पत्राला कारण तुमचं स्टेटस. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत भोगीला सम्मती कट्ट्यावर अक्षता पडल्या रे पडल्या की माझ्या फोनमध्ये नंदीध्वजांची रांग लागते. सातही काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मागे तळं आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'चा गजर. संक्रांतीला होमाचे फोटो, त्यापाठोपाठ शोभेच्या दारूकामाचे व्हिडिओ. आठवडाभर आपल्या गावासारखं गाव जगात नसतं. मग होम मैदानावरचे पाळणे उतरतात, मौत का कुआँवाले फळ्या सोडवून ट्रकमध्ये भरतात आणि आपलं प्रेमही त्याच ट्रकमधून पुढच्या जत्रेला जातं. फेब्रुवारीत ऑफिसात कुणी नवीन भेटलं की तुम्हीच सांगता, 'मी पुण्याचाच, मूळ गाव तिकडं सोलापूर साइडला.' लग्नाच्या बायोडेटात 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट' पहिल्या ओळीत आणि जन्मगाव खाली कुठंतरी. आणि तिथंच राहिलेल्या भावाला, मित्राला, मेहुण्याला फोनवर एक वाक्य हमखास ऐकवता : 'काय ठेवलंय बे सोलापुरात? ये की इकडं.'

या वाक्यावरून मला तुमच्याशी भांडायचंय.

मी भांडणारी कोण, तर तुमच्याहून लांब पळालेली. नोकरीनं मला इंग्लंडातल्या मँचेस्टरला आणून टाकलं आणि मी इथंच राहिले. त्यामुळे 'तुम्ही परत या' असलं काही मी सांगणार नाही. ते सांगायचा मला हक्कही नाही. पण गावाची आठवण काढायचीही एक रीत असते आणि आपली रीत मला अलीकडं खटकायला लागलीय.

आठवतं काय, ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला मी कोरडी वाटणार नाही. मे महिन्यातली दुपार आठवते. पारा चव्वेचाळीसला टेकलेला, नवी पेठेत दुकानांची शटरं अर्ध्यावर, आत मालक कोऱ्या कापडाच्या गठ्ठ्यावर आडवा. अशोक चौकातून कन्ना चौकाकडं जाताना गल्लीगल्लीतून येणारा मागांचा खडखडाट आठवतो. तिथल्या घरांत दोन माणसं समोरासमोर बसली तरी पलीकडच्या पेठेत ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात, कारण जन्मभर माग चालू असतानाच बोललेत. किराणा दुकानदार हिशोब तेलुगूत पुटपुटणार, गिऱ्हाइकाशी मराठीत बोलणार, मालाच्या टेम्पोवाल्यावर कन्नडमधून ओरडणार आणि विजापूर वेशीतलं गिऱ्हाईक आलं की दखनी उर्दूत मऊ होणार. आणि यातलं काही विशेष आहे, हे त्याच्या गावीही नसणार. इथं विद्यापीठात बहुभाषिकतेवर व्याख्यानं होतात. मी एकदा गेले होते. बाहेर आल्यावर मला त्या दुकानात जाऊन पावकिलो फुटाणे घ्यावेसे वाटले.

आणि शेंगाचटणी. मिक्सरमधली नव्हे. उखळात कुटून कुटून शेंगदाण्याला तेल सुटलेली, चमच्यातून पडताना ढेकळासारखी पडणारी, कडक भाकरीच्या तुकड्यावर दाबून बसवावी लागते ती. कडक भाकरी विमानात नेण्याबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. बॅग तोलणाऱ्या माणसाला तो चामड्याचा माल वाटतो.

तर प्रेम आहे. भरपूर आहे. पण माझ्या मावशीशी फोनवर बोलताना या प्रेमाची जरा गोची होते. इथली संध्याकाळ म्हणजे तिकडची रात्र. ती निवांत असेल म्हणून मी लावते. दोन वाक्यं होतात न होतात तोच तिकडून, 'ठेव ठेव, पाणी आलं.' फोन तसाच टेबलावर राहतो. मला ऐकू येतं : मोटारीचं बटण, प्लास्टिकच्या पिंपावरचं झाकण, जिन्यात घागर आपटल्याचा आवाज, शेजारणीला मारलेली हाक. चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी पहाटे, कधी रात्री अकराला. वर्षानुवर्षं शहराचा दिवस कामानं किंवा देवानं ठरत नाही, नळानं ठरतो. लग्नाची बोलणी, दवाखान्याची वेळ, पाहुण्यांचं येणं, सगळं 'आमचं पाणी उद्या आहे' याच्या भोवती. मी खिडकीशी उभी असते. बाहेर मँचेस्टरचा पाऊस, जो बहुतेक पडतच असतो. माझ्या नळाला रात्रंदिवस पाणी.

पुण्यातल्या मंडळींनी इथं जरा कान द्या. एकशे सतरा टीएमसीचं उजनी धरण आपल्या जिल्ह्यात. शहरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. पावसाळ्यात ते तुडुंब भरलं की तुम्ही त्याचेही ड्रोननं काढलेले व्हिडिओ टाकता. ते भरतं भीमेच्या पाण्यानं आणि भीमेत येऊन मिळते मुळा-मुठा. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या ड्रेनेजमधून निघालेलं सगळंच काही वाटेत शुद्ध होत नाही. तुमच्या आईनं पाणी उकळून, गाळून, तुरटी फिरवून वापरायचं आणि तुम्ही बाणेरच्या बाल्कनीतून म्हणायचं, 'तिथलं पाणी पिववत नाही हो आता.' निदान ते कुणी घाण केलं, एवढं तरी ध्यानात असू द्या.

मी काही गावाची बाजू घेऊन सगळं छान आहे म्हणणार नाही. छान नाही. पोरांना काम नाही म्हणून पोरं जातात. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला शुक्रवारी पुणे स्टेशनवर उभं राहून बघा, म्हणजे अख्खा एक तालुका गाडीत चढताना दिसेल. आता विमानही आहे. होटगी रोडच्या विमानतळाची वाट साखर कारखान्याच्या चिमणीनं अडवली होती. ती जून २०२३ मध्ये पाडली आणि जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. बरं झालं. पण आपल्याकडं विमानाचं स्वागत आपण बाहेरचेच जास्त करतो, कारण यायला सोपं. राहणाऱ्याला रोज सात रस्ता चौकातून आसरा चौकाला जायचं असतं. त्याला सिटी बस हवी असते. ती त्याला कधी मिळाली ते त्यालाच विचारा.

'काय ठेवलंय' याचं उत्तर मला सापडलं ते इथं, मँचेस्टरात. तेही सरळ नाही.

या शहराच्या दक्षिणेला स्टायल नावाचं गाव आहे. तिथं क्वारी बँक नावाची सूतगिरणी आहे, १७८४ ची. आता ती बघायला तिकीट काढावं लागतं. पण आतले माग खरेच चालतात. मी दारातून आत गेले आणि डोळ्यांनी काही बघायच्या आधी कानांनी ओळखलं. तोच खडखडाट, तोच धोटा इकडून तिकडं आदळायचा ठोका, पायाखालची फळी तशीच थरथरते. आपल्या गावाच्या पूर्व भागात जो साधा माग अजून चालतो, त्याचं मूळ घराणं हेच, लँकेशायरचं. एकेकाळी हिंदुस्थानातल्या गिरण्यांना यंत्रं जायची ती बरीचशी इथूनच, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून. माग दाखवणाऱ्या बाईंनी मशीन बंद करून सांगितलं, की इथल्या गिरणीतल्या बायका आवाजामुळे ओठ मोठे हलवून बोलायच्या आणि एकमेकींचे ओठ वाचायच्या. बाकीचे पर्यटक 'अच्छा!' म्हणाले. मला हसू आलं. आपल्याकडच्यांनी ओठ वाचायच्या भानगडीत न पडता सरळ आवाज वाढवला.

यांनी गिरण्या जपल्या म्हणून मी यांचं कौतुक करायला बसलेले नाही. जपायला पैसा लागतो आणि तो पैसा कुठून आला, हे आपल्यापैकी ज्याच्या घरात चरख्याची गोष्ट ऐकलीय त्याला सांगायला नको. इथल्या अँकोट्स भागातल्या गिरण्यांचे तर आता फ्लॅट झालेत. लाल विटांच्या भिंती, उंच खिडक्या, खाली कॉफीचं दुकान. भाडं विचारू नका. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. इथल्या शाळेतल्या पोराला विचारलं की तुझं शहर कशावर उभं राहिलं, तर ते 'कापूस' म्हणतं. आपल्या पोराला विचारा. ते 'सिद्धेश्वर' म्हणेल, ते बरोबरच आहे. बाराव्या शतकात त्या माणसानं लोकांना हाताशी घेऊन तळं खोदलं, म्हणून तर गाव वसलं. पण त्यानंतरची सातशे-आठशे वर्षं वगळून पोरगं एकदम मॉलवर येतं.

मधलं काय झालं? १८७७ च्या सुमारास मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग सुरू झाली, जिला आपण सगळे जुनी मिल म्हणतो. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम या गिरण्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून लिंगायत व्यापारी होतेच, कोकणी-घाटी-मुसलमान सगळे आले. 'गुन्हेगार' असा शिक्का मारून सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात कोंडलेल्या जमातींच्या माणसांनीही याच गिरण्यांत पाळ्या भरल्या. १९५२ साली कायद्यातला तो शिक्का पुसला गेला. वस्तीला सेटलमेंट म्हणायचं मात्र आपण अजून सोडलं नाही. मिलच्या भोंग्यावर गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. याच कामगारांच्या जिवावर मे १९३० मध्ये, गांधींच्या अटकेनंतर, आपल्या गावातून इंग्रजी अंमल काही दिवस नावालाही उरला नाही. त्याची शिक्षा म्हणून १२ मेपासून जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ. आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना फाशी. ज्या गाडीत सीट मिळाली नाही म्हणून तुम्ही कुरकुरता, तिचं नाव या चौघांवरून आहे.

त्याच १९३१ च्या सप्टेंबरात गांधी मँचेस्टरच्या उत्तरेला डार्वेनला आले होते. आपल्या बहिष्कारानं ज्यांचे माग बंद पडले त्या कामगारांना भेटायला. तिथल्या गिरणीतल्या बायकांच्या गराड्यातला त्यांचा फोटो आहे, बायका चक्क हात उंचावून ओरडताहेत, खूश आहेत. मी तो फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा त्या बायकांकडंच बघत राहिले. एकीचा चेहरा तर थेट आमच्या गल्लीतल्या कांडी भरणाऱ्या आज्जीसारखा. तेच पुढे आलेले दात, तसंच तोंडभर हसणं.

माझे आजोबा मिलमध्ये होते. कुठल्या, ते राहू द्या. बंद पडताना सगळ्यांनी एकसारखंच वागवलं. रात्रपाळी करून आले की कानात कापसाचे तंतू, भुवयांवर पांढरी भुरी. आज्जी विड्या वळायची. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, मांडीवर सूप, पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं चौकोन कापायचा, तंबाखूची चिमूट, एक वळण, नखानं टोक आत खोचायचं, दोरा. बोलता बोलता, भाजी काय करायची ते सांगता सांगता, हात थांबायचे नाहीत. हजार विड्यांचा हिशोब. कारखान्यात नेल्यावर तपासणारा त्यातली छाट काढणार, तेवढी मजुरी गेली. माझ्या आईची कॉलेजची फी या सुपातून निघाली आणि माझी आईच्या पगारातून. तुमच्यातल्या निम्म्यांचं असंच असेल : एखादा माग, एखादं सूप, एखादी पाळी. आपण हिंजवडीत, ह्यूस्टनात, इथं येऊन पोचलो ते त्या मजुरीवर. म्हणून 'काय ठेवलंय सोलापुरात' हे वाक्य मला कृतघ्नपणाचं वाटतं. ठेवलं काहीच नाही, सगळं आपल्यावर खर्च केलं.

मोठ्या गिरण्या तर गेल्याच. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एकेक करून सगळे भोंगे थांबले. राहिली ती चादर. माझ्या इथल्या पलंगावर आहे, जॅकार्डची, मयूरपंखी नक्षीची. उलटी केली की तीच नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल. वर मरून जमिनीवर पांढरा मोर असेल तर खाली पांढऱ्यावर मरून. इथल्या मैत्रिणीला दाखवली, तिनं दोन्ही बाजू चारदा उलटसुलट करून बघितल्या आणि विचारलं की चुकीची बाजू कुठली. चादरीचं वजनही तिला कळेना. हे अंथरायचं की पांघरायचं? मी म्हटलं, दोन्ही, शिवाय गाडीत सीटवर टाकायचं, पाहुण्यांना आहेर द्यायचं, आणि फाटली की दाराशी पायपुसणं. चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, टॉवेललाही. तरी बाजारात 'सोलापुरी' छापून दुसरीकडचा माल सर्रास विकला जातो, आणि तो घेण्यात आपणच पुढं, कारण शंभर रुपये स्वस्त.

आता मागणं. पैसे मागत नाही, गावात गुंतवणूक करा म्हणत नाही. तसले मेळावे भरपूर झाले. माझं मागणं एवढंच, की पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा फोनचा कॅमेरा जरा काठ्यांवरून वळवा आणि घरातल्या, गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसासमोर ठेवा. मिलमध्ये पाळी केलेली माणसं आता म्हातारी होत चाललीत. विडीकामगार बायका आहेत, पण त्यांनाही कुणी बसवून विचारलेलं नाही. नोकरी लागली कशी, लावली कुणी, पहिला पगार कशात गेला. खात्यात कोण कुठल्या जातीचा होता आणि पाण्याचा माठ एकच होता की दोन. संप झाला तेव्हा घरात काय शिजलं. मिल बंद झाल्याची बातमी कुणी सांगितली, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नवरा काय करत होता. हे विचारा. उत्तर तेलुगूत आलं तर तेलुगूत येऊ द्या, कन्नडमध्ये आलं तर कन्नडमध्ये. 'मराठीत सांगा की' म्हणून अडवू नका. मध्ये माग चालू असेल तर तोही रेकॉर्ड होऊ द्या, बंद करायला लावू नका. त्यानं त्यांची मजुरी बुडते आणि खरं तर तो आवाजही हवाच आहे.

पत्र्याच्या पेट्या उघडायला सांगा. पगाराची पाकिटं, हजेरीचं कार्ड, युनियनची पावती, गेटपास, ओळखपत्रावरचा टाचणीएवढा फोटो, हे सगळं अजून घराघरात असतं आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी थोडं थोडं रद्दीत जातं. आजोबांचं हजेरीचं कार्ड असंच गेलं. कुणाला दोष नाही, कप्प्यात जागा नव्हती. तुमच्याकडं असेल तर आधी सरळ वरून फोटो काढा, मागच्या बाजूचाही, आणि मागं पेन्सिलनं काही लिहिलं असेल तर ते कुणाचं अक्षर आहे हे विचारून घ्या.

तुम्ही म्हणाल, ही कामं सरकारची. असतील. हुतात्म्यांचे पुतळे आहेत, डॉ. कोटणीसांचं भैय्या चौकात स्मारक आहे. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली आपल्या गावात जन्मले, १९३८ ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनमध्ये गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. बत्तीस वर्षांचं वय. आपल्यातला सगळ्यांत लांब गेलेला माणूस तो. तिकडं त्यांची समाधी आहे, पुतळे आहेत, आणि चिनी पाहुणे इकडं आले की आपण हार घेऊन उभे राहतो. फार चांगलं. पण स्मारक ज्याचं होतं त्याचं नाव आधी माहीत असावं लागतं. सुपावर विड्या वळणाऱ्या बाईचं किंवा जुन्या मिलमध्ये बीम उचलणाऱ्याचं नाव सरकारला कुठून माहीत असणार? ते तुमच्या घरात माहीत आहे. आणि घरातसुद्धा, खरं सांगा, पणजीचं नाव तुमच्या किती जणांना येतं?

दुसरं एक, भांडण मिटवण्याआधी. गाव बदललं की आपण बाहेरचे फार हळहळतो. अमुक थिएटर पाडलं, तमुक हॉटेल बंद झालं, रस्त्यावरची लिंबाची झाडं गेली. झाडांचं दुःख खरं आहे. पण हॉटेल बंद झालं, कारण मालकाचा पोरगा पुण्यात नोकरीला लागला. म्हणजे आपणच. गावानं आपल्यासाठी संग्रहालयासारखं जागच्या जागी थांबावं, आपण दोन वर्षांनी चार दिवस येऊन पाव-चटणी खावी आणि 'पूर्वीची चव राहिली नाही' म्हणून निघून जावं, हे काही बरं नाही. तिथं राहणाऱ्याला नवा रस्ता हवा, नवी शाळा हवी, मॉलही हवा असेल तर हवा. त्याला तुमच्या आठवणीतल्या सोलापुरात राहायची सक्ती नाही. माझ्या मावशीला तर जुनं काहीच नको असतं. तिला फक्त रोज पाणी हवंय, तेही दिवसा.

आणि 'ये की इकडं' हे भावाला म्हणणं सोडा. त्याला यायचं असतं तर तो आला असता. तो तिथं राहिला म्हणून आईला दवाखान्यात न्यायला कुणीतरी आहे, घराची पट्टी भरायला कुणीतरी आहे आणि भोगीला तुम्हाला पाठवायला फोटोही तोच काढतो. त्याऐवजी 'काय चाललंय बे तिकडं?' एवढं विचारा आणि तो सांगेल ते पाच मिनिटं मध्ये न बोलता ऐका. पाण्याबद्दल सांगेल, सुताच्या भावाबद्दल सांगेल, कुणाचे माग भंगारात गेले ते सांगेल. कंटाळा येईल तुम्हाला. येऊ द्या.

रेकॉर्डिंग करणार असाल तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांचं बोलणं घेताय त्यांना आधी नीट सांगा की हे कशासाठी आणि कोण ऐकणार. नको म्हणाले तर नको. बोलणाऱ्याचं नाव, पेठ, गिरणी किंवा कारखाना, अंदाजे साल, एवढं रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तोंडानं बोलून घ्या, म्हणजे फाइल कुठंही गेली तरी ओळख तिच्यातच राहील. एक प्रत घरच्यांना द्या. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्था गावात आहेत, विद्यापीठ आहे. पुरेसं जमलं की त्यांच्या दारात जाऊन विचारू. तोवर ज्याचं त्यानं सांभाळायचं. मी मावशीपासून सुरुवात केलीय. तिच्या सासूबाई विडीला होत्या आणि सासरे मिलमध्ये साच्यावर. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये अकरा मिनिटांनंतर पाणी आलं, त्यामुळे पुढचा भाग यायचाय.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक सोलापूरकर
मु. पो. मँचेस्टर

ता. क. : जाम मिलमध्ये किंवा नरसिंग गिरजीत रात्रपाळी केलेलं कुणी ओळखीत असेल तर त्यांना आधी गाठा. गड्ड्याची वाट बघू नका. आणि कुणी मँचेस्टरला येणार असेल तर येताना उखळातली चटणी, अर्धा किलो, तेल गळणार नाही अशा डब्यात.